गावच्या बायांचं संघटन आणि आपली दिंडी
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



संतसज्जन मायबाप, दिंडीचे चालक, चोपदार, विणेकरी, टाळकरी आणि पाठीमागं मांडव सोडून उन्हात बसलेल्या आमच्या मायबहिणी, सगळ्यांच्या चरणी दंडवत.

शंभर वर्षांचा सोहळा म्हटल्यावर दिंडी काढणाऱ्या मूळ पुरुषांचं स्मरण सगळ्यांनी केलं. ते झालंच पाहिजे. आम्हाला मंडळानं विषय दिला तो गावच्या बायांच्या संघटनाचा. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. पुस्तकातला इतिहास आम्हाला थोडा ऐकून ठाऊक, बाकीचा डोळ्यादेखत घडलेला. पण दिंडीत हा विषय परका नाही. आज बचत गट, महिला मंडळ, ग्रामसंघ ही नावं कागदावर आहेत. आमचं म्हणणं इतकंच, की नावं सरकारनं दिली, संघटन बायांकडं आधीपासून होतं. ते आपण ओळखलं, तर दिंडीच्या पुढच्या शंभर वर्षांत काय करायचं तेही कळेल.

मूळ शोधायला लांब जायला नको. जनाबाई घ्या. गंगाखेडची पोर, पंढरीत नामदेवरायांच्या घरी दासी. जनाबाई दळायला बसली की देव दळू लागायला यायचा, ही कथा तुम्ही शंभरदा ऐकलीत. कीर्तनात आपण तिचा अर्थ भक्तीचा सांगतो. आज एक प्रपंचाचा अर्थ सांगतो. ज्यानं जातं ओढलंय त्याला विचारा. एकटीनं ओढलं की खांदे भरून येतात, पायली सरता सरत नाही. समोर दुसरी बसली, खुंट्याला दुसरा हात लागला, की तेच जातं हलकं होतं. एकीनं वैरण घालायची, दोघींनी ओढायचं. जनाबाईला दुसरा हात नव्हता, म्हणून देवाला यावं लागलं. आणि ज्या बायांना दुसरा हात मिळाला, त्यांचं तिथंच संघटन झालं. त्याला सभासद फी नव्हती, अध्यक्ष नव्हता.

त्या जात्यावर काय काय बोललं गेलं! सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट, पंढरीची वाट. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. लिहिता न येणाऱ्या बायांचं एवढं मोठं वाङ्मय! ती एकीची कविता नव्हे. एकीनं ओवी म्हणायची, दुसरीनं उचलायची, तिसरीनं आपलं दुःख तिच्यात घालायचं. आपल्या भजनात टाळकरी चाल उचलतात, अगदी तसं.

जात्यासारखीच सावड. आज तुझ्या रानात खुरपायला आम्ही, उद्या आमच्या रानात तू. उन्हाळ्यात पापड, कुरडया, शेवया आळीतल्या बायांनी मिळून करायच्या. बाळंतिणीच्या घरी पाळीपाळीनं जायचं. ह्याचा हिशेब कुठल्या वहीत नव्हता, पण कुणाचं कुणाकडं किती फिरतं, हे प्रत्येकीच्या ध्यानात असायचं.

मग गावात पिठाची गिरणी आली. बायांच्या हाताचे घट्टे गेले, पहाटेची झोप मिळाली, चांगलंच झालं. पण आमची आई एक बोलायची, "गिरणीनं दळण न्हेलं, संगं बसणं बी न्हेलं." गिरणीसमोर रांगेत डबे बसतात, बाया नाही बसत. बायांना एकत्र बसायला दुसरी जागा लागणारच होती.

जुन्या काळी एक जागा होती हळदीकुंकवाची. पण तिथं एक वाण कमी पडायचं. ज्या बाईचा धनी गेला, तिला बोलावणं नसायचं. म्हणजे जिला चार जणींची सर्वांत जास्त गरज, तीच घरात. ह्या बाबतीत वारकरी पंथानं मोठं काम केलं, आणि त्याचा पुरेसा उच्चार होत नाही. भजनी मंडळात कुंकू बघून कुणाला बसवत नाहीत. दिंडीत तुळशीचं वृंदावन डोक्यावर घ्यायला सवाष्णच पाहिजे असा नेम आमच्या पाहण्यात नाही. गळ्यात माळ असली की झालं. किती तरी विधवा बायांना गावात पहिला मान मिळाला तो तुळस डोक्यावर घेऊन. अलीकडं मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा वारला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. पुढं सरकारनंही सगळ्या गावांना तसं आवाहन केलं. तो ठराव वाचून आम्हाला वाटलं, ही तर वारीच्या वाटेवरची रीत आहे, आता गावात पोचली.

आता कागदावरच्या संघटनाकडं येऊ. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात समूह विकास योजना सुरू झाली. त्यातून पुढं गावोगाव ग्रामसेविका येऊ लागल्या, महिला मंडळं निघाली. शिलाई मशीन, बालवाडी, सकस आहार, अशी कामं. बालवाडीचं नाव काढलं की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना नमस्कार केला पाहिजे. त्यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी लेकरांसाठी शाळा काढल्या. पोर आलं नाही तर अंगणात जाऊन शिकवलं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीही ग्रामगीतेत महिलोन्नतीचा वेगळा अध्याय लिहिला. तरी पुष्कळ गावांत महिला मंडळ म्हणजे पाटलाच्या, सोसायटीच्या चेअरमनच्या घरच्या बाया, असंच राहिलं. रोजानं जाणारी बाई दुपारी मशीन शिकायला कुठून येणार? तिची जागा रानात.

ती बाई एकत्र आली ते १९७२ च्या दुष्काळात. आम्ही तेव्हा शाळकरी पोर. विहिरी आटल्या, जनावरं छावणीला, घरात मिलो ज्वारीची लाल भाकरी. बाया खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या मातीवर. सुकडी वाटली की लेकरांच्या हातात. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी उभी राहिली. १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यात बाप्याला आणि बाईला एकच दर होता. शेतात बाईची मजुरी अर्धी असायची, ह्या कामावर मोजमापाला मोल. ज्या बाया कधी घरधन्याशिवाय बोलल्या नव्हत्या, त्या हजेरी मांडणाऱ्याला विचारू लागल्या, "आमचं माप किती भरलं?" ह्या एका प्रश्नात पुढची सगळी संघटना आहे, मायबाप. माप विचारता आलं की माणूस मोकळा होतो.

त्याच सुमारास शहाद्याकडं, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, भिल्ल बायांनी दारूविरुद्ध उठाव केला. गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. तेव्हापासून दारूबंदीची झुंज महाराष्ट्रात बायांनीच लढवली. आज नियमच आहे, की गावातल्या निम्म्याहून जास्त मतदार बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. नाही तर बाटली उभी. माळकऱ्यानं दारू पिऊ नये हे आम्ही कीर्तनात घसा कोरडा करून सांगतो. बायांनी ते मतानं करून दाखवलं. कीर्तनापेक्षा त्या शिक्क्याची मात्रा जास्त लागू पडली, हे कबूल करायला आम्हाला लाज नाही.

राज्यकारभाराचं म्हणाल, तर बारामती तालुक्यातल्या निंबूत गावात १९६३ साली सगळीच्या सगळी ग्रामपंचायत बायांची होती. सगळ्या देशाचा कायदा यायला अजून तीस वर्षं होती. १९९३ ला घटनेत दुरुस्ती झाली, पंचायतीत तिसरा हिस्सा बायांना मिळाला. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा. सुरुवातीला काय झालं ते तुम्ही बघितलंय. सही बाईची, कारभार बाप्याचा. सरपंच घरात भाकरी थापतेय आणि सरपंचबाईंचा नवरा खुर्चीवर. पण एक ध्यानात घ्या. ज्या गावात बायांचं मंडळ किंवा गट आधीपासून बसत होता, तिथली सरपंचबाई लवकर बोलती झाली. मागं दहा जणी उभ्या असल्या की पुढचीचा आवाज निघतो. आपल्या टाळकऱ्यांशिवाय विणेकऱ्याचं तरी काय चालतं?

आता चांदवडचं सांगतो. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला नाशिक जिल्ह्यात चांदवडला, रेणुकामातेच्या गावी, शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. शरद जोशी पुढारी. लाखाच्या वर बाया आल्या. भाकरी बांधून, लेकरं काखेला मारून, जशा वारीला जातात तशा. शेतकऱ्याची लूट होते ती आधी बाईच्या कष्टाची होते, हे तिथं जाहीर बोललं गेलं. त्यातून पुढं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. बाई जन्मभर ज्या रानात राबते, त्याचा काही हिस्सा नवऱ्यानं आपखुशीनं तिच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर घरं असं करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचं नाव त्यात पहिल्यांदा गाजलं. पुढं सरकारनंही त्याच नावाची योजना केली. नवऱ्यानं अर्ज दिला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागतं.

आमचे वडील ह्याच दिंडीचे वारकरी. त्यांनी त्या वेळी सव्वा एकर आईच्या नावावर केलं. चावडीत हसणारे हसले. कुणी म्हणालं, "म्हातारा बायकोचा कुळ झाला." वडील एवढंच बोलले, "रुक्मिणी रुसून दिंडीरवनात गेली. तिला जायला रान होतं. आमच्या घरची रुसली तर कुठं जाईल?" पुढं वडील गेले. पीककर्जाला, विहिरीच्या अर्जाला आईला कुणाच्या सहीसाठी थांबावं लागलं नाही. आम्ही तिघं भाऊ वेगळे झालो, तेव्हा आई कुणाच्या वाट्याला जाणार असा प्रश्न आमच्या घरात आला नाही. आम्हीच आईकडं जेवायला जायचो. सव्वा एकरानं म्हातारपणाला किती उभारी येते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

आता बचत गट. महिला आर्थिक विकास महामंडळ, आपण ज्याला माविम म्हणतो, ते २४ फेब्रुवारी १९७५ ला स्थापन झालं. १९९२ मध्ये नाबार्डनं गट बँकेला जोडायचा प्रयोग सुरू केला, तो पाचशे गटांपुरता. २०११ पासून उमेद अभियान आलं. पण गटाची रीत बघा, तुम्हाला ओळखीची वाटेल. दहा ते वीस बाया. ठरल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड, वहीत हिशेब. ह्याला पंचसूत्री म्हणतात. आणि आपल्या दिंडीत काय असतं? ठरल्या तिथीला निघायचं, ठरलेली भिशी भरायची, सगळ्यांनी एका पंगतीला जेवायचं, शेवटी द्वादशीला हिशेब वाचायचा. भिशी हा शब्द सुद्धा तोच! दिंडीच्या भिशीतून बायांची भिशी आली का बायांच्या भिशीतून दिंडीची, ते विद्वानांनी बघावं. दोन्ही एकाच मातीतल्या आहेत एवढं खरं.

हिशेब सोपा सांगतो. धरा, बारा बाया दरमहा शंभर रुपये टाकतात. महिन्याला बाराशे, वर्षाला १४,४०० होतात. त्यातून एकीनं बियाण्याला पाच हजार उचलले, शेकडा दोन रुपये महिन्याच्या व्याजानं. सावकाराकडं हेच शेकडा पाच, अडचण बघून दहा. पण खरा फरक दराचा नाही. सावकाराचं व्याज सावकाराच्या माडीवर जातं, गटाचं व्याज गटाच्या पेटीत पडतं आणि वर्षाअखेर त्याच बारा जणींचं होतं.

अंगठ्यावर हसणाऱ्यांसाठी म्हसवडची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, कायम दुष्काळी मुलखात, चेतना गाला-सिन्हा यांच्याबरोबर बायांनी आपली बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत पाठवला, कारण पुढाकार घेतलेल्या बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बाया अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा साहेबांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. आम्ही चौथी शिकलेलो असल्यामुळं ही गोष्ट आम्हाला फार आवडते. अक्षर उशिरा येतं, हिशेब पोटात आधीच असतो.

पण मायबहिणींनो, एक सावधगिरी सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. अलीकडं गटाचं नाव घेऊन घरोघर कर्ज वाटणाऱ्या खाजगी कंपन्या गावात फिरतात. त्यात दहा जणी एकत्र बसवतात खऱ्या, पण बचत नाही, पेटी नाही, वही तुमच्याकडं नाही. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊ जणींना तिच्या दारात उभं करतात. ज्या बाया एकमेकींना दळू लागायच्या, त्याच एकमेकींच्या वसुलीला. एका कंपनीचा हप्ता भागवायला दुसरीचं कर्ज काढलेली घरं प्रत्येक गावात आहेत. तेव्हा खूण लक्षात ठेवा. बचत आधी आणि कर्ज मागून असेल, व्याज तुमच्याच पेटीत पडत असेल, तर तो तुमचा गट. नसेल तर तो नव्या पोशाखातला सावकार.

आता शेवटचं आणि खरं बोलायचं ते. आपली दिंडी चालते तेव्हा पताकेवाले पुढं, मग टाळकरी, मृदंगवाला, विणेकरी आणि त्यामागं तुळस नि हंडा घेतलेल्या बाया. मोजून बघा, निम्म्याहून जास्त त्याच आहेत. भिशी त्या भरतात. घरी गटातून उचल घेऊन भिशी भरणाऱ्या आहेत. पण वारीच्या आधी मुक्काम बघायला जातात ते पाच बापे. ते पाण्याचा टँकर कुठं उभा राहील ते बघतात, मांडवाला सावली बघतात, गाडी आत जाते का बघतात. आडोसा कुणी बघत नाही. मग मुक्कामाला पोचल्यावर अंधार पडायची वाट बघत बसलेल्या बाया आणि म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाया आपण दर वर्षी बघतो. उन्हात पाणी न पिता वीस किलोमीटर चालल्यावर मूतखडा, चक्कर, ताप येणार नाही तर काय? पहाटे तीनला उठून नदीवर आंघोळ उरकायची, ती भक्ती म्हणून नव्हे, उजाडायच्या आत उरकायची म्हणून.

ह्यात कुणाची निंदा नाही. पाच बाप्यांना ते दिसत नाही, कारण त्यांना त्याची गरज पडत नाही. गरज ज्याची, डोळे त्याचे पाहिजेत. म्हणून शताब्दी वर्षात आमच्या तीन मागण्या दिंडीच्या मंडळापुढं ठेवतो.

पहिली. मुक्काम बघायला जाणाऱ्यांत दोन बाया असाव्यात. त्या नको म्हणतील ती जागा घ्यायची नाही.

दुसरी. भिशीची वही लिहायला गटात हिशेब ठेवणारी एक बाई घ्यावी आणि द्वादशीचा हिशेब तिनं वाचावा. गटाची वही दर महिन्याला तपासली जाते. त्यांच्याइतका चोख हिशेब गावात दुसऱ्या कुणाचा नाही, हे सोसायटीवाल्यांनीही मनातल्या मनात मान्य करावं.

तिसरी. चालून आलेल्या बायांना चुलीपुढं बसवू नये. ज्या मुक्कामाला आचारी नसतो, तिथं वाढप आणि भांडी बाप्यांनी करावी. पांडुरंग दळू लागला त्यात त्याचं देवपण कमी झालं नाही. आपलं काय कमी होणार?

कुणी म्हणेल, परंपरेत हे बसत नाही. परंपरा कुणाची, हे तरी विचारू. चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांनी गुरू केली ती मुक्ताईला, वयानं पोर असलेल्या बहिणीला. बहिणाबाईंनी तुकोबारायांना गुरू केलं तेव्हा जातीवाल्यांनी काय कमी छळलं? मागं हटल्या नाहीत. शिऊरला त्यांची समाधी आहे. सोयराबाई, निर्मळाबाई, कान्होपात्रा, ह्या सगळ्या आपल्या परंपरेतच आहेत. त्यांना कीर्तनात घ्यायचं आणि कारभारात नको म्हणायचं, हे जुळत नाही.

आणि काही बायाच म्हणतील, "बुवा, आम्हाला कशाला, तुम्हीच बघा." सरपंचकीच्या वेळीही हेच म्हणत होत्या. म्हणून नुसती नावं लावू नका. दोघी एकत्र जाऊ द्या. एकटी बाई पाच बाप्यांत गप्प बसते, दोघी असल्या की एकमेकींकडं बघून बोलतात. खुंट्याला दुसरा हात पाहिजे तो ह्यासाठी.

मंडळाची बैठक आषाढीच्या आधी बसते. त्या बैठकीत हा ठराव मांडावा, आणि तो मांडताना बाया पाठीमागं उन्हात नसाव्यात, सतरंजीवर असाव्यात. एवढीच सेवा तुमच्या चरणी रुजू करतो आणि विराम घेतो.

पंढरीनाथ महाराज की जय.